‘दोनदा घासतो’ म्हणणाऱ्या मुलांच्या दाढा का किडतात?

प्रश्न: जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते पाचवीची ४० मुलं आहेत. दातांच्या तपासणीत निम्म्याहून अधिक मुलांच्या दाढा किडलेल्या निघाल्या. मुलांना विचारलं तर प्रत्येक जण सांगतो, दिवसातून दोनदा दात घासतो. तक्ते लावून झाले, व्याख्यान झालं. आता शाळेने नेमकं काय करावं?

उत्तर: आणखी एक व्याख्यान ठेवू नका. तुमच्या मुलांकडे माहितीची कमतरता नाही. ‘गोड खाल्लं की दात किडतात, दोनदा घासावेत’ हे पहिलीतलं मूलही सांगतं. कमी पडतात त्या तीन गोष्टी: रात्री ब्रश हातात येतच नाही, पेस्टमध्ये किडीपासून दात वाचवणारं फ्लोराइड आहे की नाही हे कुणी पाहत नाही, आणि सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ कुणाच्या लक्षातच येत नाही. तिन्ही गोष्टी शाळेला हाताळता येतात, फारसा पैसा न लागता.

आधी खरी परिस्थिती कळायला हवी. ‘दोनदा घासता का?’ या प्रश्नाला सगळे हात वर होणारच, कारण अपेक्षित उत्तर मुलांना माहीत असतं. त्याऐवजी एकेकाला जवळ घेऊन विचारा: काल रात्री जेवण झाल्यावर झोपेपर्यंत काय काय केलंस, क्रमाने सांग. दात घासले असतील तर ते आपोआप सांगण्यात येतं. मग विचारा: तुझा ब्रश कोणत्या रंगाचा, कुठे ठेवलेला असतो? घरात माणसं किती आणि ब्रश किती? पेस्ट संपली की नवी येईपर्यंत कशाने घासता? दोन भावंडांत एक ब्रश, पेस्ट संपली की राखुंडी किंवा नुसतं बोट, या गोष्टी अशाच प्रश्नांतून बाहेर येतात. एक दिवस सगळ्यांना घरचा ब्रश कागदात गुंडाळून आणायला सांगा. केस झाडूसारखे विस्कटलेले असतील तर तो ब्रश दाताच्या बाजूंना घासून जातो, हिरडीच्या कडेला पोचत नाही. तीन महिन्यांनी ब्रश बदलावा असं आपण सांगतो, पण केस बाहेर वळले की त्याआधीच बदलायला हवा.

रात्रीचा ब्रश का होत नाही, याला आपल्याकडे एक कारण आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय उपाय चालत नाही. आपल्या घरांत दात घासणं हा सकाळच्या शुचितेचा भाग आहे. तोंड धुतल्याशिवाय चहा नाही, हा नियम गरिबातल्या गरीब घरातही पाळला जातो. म्हणजे रात्रभराचं शिळं तोंड स्वच्छ करायचं, ही कल्पना पक्की आहे. दिवसभर खाल्लेलं झोपण्याआधी काढायचं, ही कल्पनाच नाही. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, आणि आम्ल धुऊन टाकणारी, दातातले निसटलेले क्षार परत देणारी तीच असते. म्हणून जेवणाचे कण दातात ठेवून झोपलेल्या मुलाचं नुकसान सर्वाधिक होतं. सकाळचा नियम मोडायला सांगू नका. चहाआधी घासणं चुकीचं नाही, फ्लोराइडचा थर दातावर राहतोच. फक्त रात्रीच्या घासण्याला घरातल्या एखाद्या ठरलेल्या कामाशी बांधा: अंथरूण घालायच्या आधी ब्रश. ‘नऊ वाजता घासा’ असं सांगितलं तर होत नाही, कारण घराघरात जेवणाची वेळ वेगळी असते. अंथरूण मात्र प्रत्येक घरात पडतं.

आता सहाव्या वर्षाच्या दाढेबद्दल थोडं सविस्तर, कारण पहिली-दुसरीच्या वर्गातली सगळ्यात मोठी हानी इथे होते. ही दाढ साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे येते. ती येताना कोणताही दात पडत नाही. दात पडला की घरात त्याची चर्चा होते. ही मात्र गुपचूप येते. पालकांना ती दुधाचीच वाटते आणि ‘पडणारच आहे’ म्हणून किडली तरी सोडून दिली जाते. ती पडत नाही. तिच्या जागी दुसरी येणार नाही. ओळखायची खूण सोपी आहे: समोरच्या मधल्या रेषेपासून मोजत मागे जा. दोन पटाशीचे दात, एक सुळा, दोन दुधाच्या दाढा, आणि सहावी ती. सहाव्या वर्षी येणारी, क्रमाने सहावी, वर-खाली मिळून चार.

हिरडीतून डोकावल्यापासून समोरच्या दाढेला टेकेपर्यंत तिला वर्षभर, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. तेवढा काळ ती शेजारच्या दाढांपेक्षा खालच्या पातळीवर असते. मूल ब्रश मागे-पुढे फिरवतं तेव्हा केस शेजारच्या उंच दाढेवरून सरकून जातात, हिला लागतच नाहीत. चघळण्याने होणारी आपोआप स्वच्छताही तिच्या वाट्याला येत नाही. शिवाय नव्या दातावरचं आवरण पुरतं कणखर झालेलं नसतं. यावर उपाय एकच: त्या दाढेसाठी ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत न्यायचा, दातांच्या रांगेला काटकोनात, आणि त्या एका दाढेवर दहा वेळा हलवायचा. मुलाने तोंड अर्धवट मिटलं की गाल सैल पडतो आणि ब्रशचं डोकं आत शिरतं. आ करून ठेवलं तर गाल ताणला जातो आणि जागा मिळत नाही. बहुतेक मुलांची अडचण इथेच असते. मोठ्यांचा ब्रश असेल तर तो मागे पोचतच नाही, म्हणून लहान डोक्याचा, मऊ केसांचा ब्रश हवा.

तरीही दाढेच्या वरच्या खाचा ब्रशच्या केसापेक्षा अरुंद असतात. त्यांच्या तळाशी ब्रश कधीच पोचणार नाही, कितीही नीट घासलं तरी. त्यासाठी खाचा बुजवणारा लेप असतो, त्याला सीलंट म्हणतात. खोदकाम नाही, इंजेक्शन नाही. दाढेचा वरचा भाग हिरडीतून पुरता मोकळा झाला आणि कोरडा ठेवता आला की ६ ते ८ वर्षांच्या दरम्यान लावून घ्यावा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत बालदंत विभागात हे काम होतं. जवळ एखादं दंत महाविद्यालय असेल तर त्यांच्या सामुदायिक दंतविभागाला पत्र लिहा. शिबिर द्या म्हणताना ‘तपासणी’ एवढंच मागू नका, ‘दुसरी आणि तिसरीच्या मुलांच्या दाढांना सीलंट आणि फ्लोराइड वार्निश (दातावर लावायचा फ्लोराइडचा लेप)’ असं स्पष्ट मागा. नुसत्या तपासणीच्या शिबिरातून मुलाच्या हाती एक चिठ्ठी पडते आणि दात होता तसाच राहतो.

खाण्याबद्दल शाळांतून ‘गोड खाऊ नका’ सांगितलं जातं, आणि मुलं ते ऐकत नाहीत. सांगायचं वेगळं आहे: किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे मोजा. साखर तोंडात गेली की दातावर साठणाऱ्या चिकट थरातले जंतू काही मिनिटांत आम्ल तयार करतात. पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या आवरणातून क्षार निघायला लागतात. लाळेला हे आम्ल निवळायला अर्धा तास, कधी जास्त लागतो. आता मुलाचा दिवस मांडा: सकाळी गोड चहात बुडवलेली बिस्किटं, शाळेच्या वाटेवर गोळी, मधल्या सुट्टीत पाच रुपयांचं पाकीट, चारला पुन्हा चहा-टोस्ट, संध्याकाळी दुकानातून येताना उरलेल्या पैशांचं चॉकलेट. पाच वेळा अर्धा तास म्हणजे अडीच तास दात आम्लात. हाच खाऊ जेवणाबरोबर एकदम खाल्ला तर हल्ला एकदाच होतो. चहात भिजलेलं बिस्किट दाढेच्या खाचांत लगद्यासारखं बसतं, म्हणून ते साध्या साखरेपेक्षा जास्त त्रासदायक. खारट, कुरकुरीत पाकिटांतला पिठूळ चुराही तसाच चिकटतो. तो गोड नसतो म्हणून कुणाला संशय येत नाही. गूळ साखरेइतकाच दात किडवतो, ‘नैसर्गिक’ असला तरी. चिक्की तर चिकटते म्हणून जास्तच. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, काकडी, पेरू, बोरं हे मधल्या सुट्टीसाठी चांगलं.

पेस्टचं पाहू. दात घासण्याचा किडीविरुद्धचा बराचसा फायदा फ्लोराइडमुळे आहे, फेसामुळे नाही. भारतात पेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत हजार भाग) जास्त ठेवता येत नाही, आणि किती आहे ते ट्यूबवर छापावं लागतं. मागच्या बाजूला ‘सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट ०.७६ टक्के’ किंवा ‘सोडियम फ्लोराइड ०.२२ टक्के’ असं असेल तर ते जवळपास १००० पीपीएम होतं. ‘लहान मुलांची’ म्हणून मिळणाऱ्या गोड चवीच्या काही पेस्टमध्ये याहून बरंच कमी असतं, आणि अनेक आयुर्वेदिक पेस्ट व लाल मंजनांत फ्लोराइड नसतंच. लाल मंजनातला गेरू दात झिजवतो. कडुनिंबाच्या काडीने घासणारं मूल दात स्वच्छ ठेवतं, पण काडी दाढेच्या मागच्या बाजूला पोचत नाही आणि तिच्यातून फ्लोराइड मिळत नाही. काडी सोडायला लावण्याची गरज नाही, रात्री पेस्ट वापरली तरी पुरे.

प्रमाण: तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, पुढेही शाळेसाठी वाटाण्याएवढीच ठेवा. जाहिरातीत ब्रशभर दाखवतात ती गरजेपेक्षा तिप्पट-चौपट असते. घासून झाल्यावर थुंका, पण चूळ भरू नका. ही सवय बदलायला सगळ्यात जड जाते, कारण खळखळून चूळ भरली की स्वच्छ वाटतं. पण त्या एका चुळीत दातावर राहिलेलं फ्लोराइड वाहून जातं.

आता शाळेत रोज घासण्याचा कार्यक्रम, कारण सवय सांगून लागत नाही, करूनच लागते. फिलिपिन्समधल्या सरकारी शाळांनी हात धुणं, फ्लोराइड पेस्टने सामूहिक दात घासणं आणि जंताच्या गोळ्या असा कार्यक्रम वर्गाच्या वेळापत्रकात बसवला; पुढे तो आग्नेय आशियातल्या आणखी देशांत गेला. स्कॉटलंडमध्ये बालवाड्यांतून शिक्षकांच्या देखरेखीखाली रोज घासतात. दोन्हीकडे शिक्षकाला दंतवैद्य बनवलेलं नाही. रोज तीच वेळ, तोच क्रम, एवढंच.

तुमच्या ४० मुलांचा हिशेब असा. वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे साधारण पाव ग्रॅम. ४० मुलांना रोज १० ग्रॅम. शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस. म्हणजे २ किलो, १०० ग्रॅमच्या २० ट्यूब. ब्रश वर्षाला तीन धरले तर १२०. पाणी ब्रश धुण्यापुरतं, अर्धा पेला प्रत्येकी, एकूण ४-५ लिटर. चूळ भरायची नसल्यामुळे नळ नसलेल्या शाळेतही हे जमतं. एक तपासणीही यातूनच होते: १०० ग्रॅमची ट्यूब १० दिवस पुरायला हवी. चार दिवसांत संपली तर जास्त पेस्ट दिली जाते; महिना पुरली तर घासणं अधूनमधून होतंय.

वेळ शालेय पोषण आहारानंतरची. आधी जेवणाची चूळ भरून घ्या, मग ब्रश. पेस्ट ट्यूबमधून थेट ब्रशवर लावू नका. एका ब्रशवरची लाळ ट्यूबच्या तोंडाला लागते आणि पुढच्या सगळ्यांना जाते. स्वच्छ ताटाच्या कडेने वाटाण्याएवढे ठिपके घाला, प्रत्येकाने आपल्या ब्रशने एक ठिपका उचलायचा. ब्रश ओला करायचा नाही. ओला केला की फेस लवकर होतो आणि मुलं अर्ध्या मिनिटात थुंकून मोकळी होतात. दोन मिनिटं मोजायला घड्याळ नको: एका मुलाने मोठ्याने दोनपासून अकरापर्यंत पाढे म्हणावेत, साधारण तेवढाच वेळ जातो. आज पाढे म्हणणाऱ्याने शेवटी आपले दात घासायचे.

क्रम ठरलेला ठेवा म्हणजे जागा सुटत नाहीत. खालच्या उजव्या शेवटच्या दाढेपासून सुरुवात, चावायची बाजू, मग बाहेरची, मग जिभेकडची, तसंच डावीकडे, नंतर वर. लहान मुलांना ‘खालून वर, वरून खाली’ असं तंत्र शिकवत बसू नका, मनगट तेवढं वळत नाही. बाहेरच्या बाजूने दात मिटून मोठी वर्तुळं, चावायच्या बाजूवर मागे-पुढे, एवढं पुरतं. खालच्या दातांची जिभेकडची बाजू सगळ्यात जास्त सुटते, तिथे कीटण आधी साठतं. शेवटी चारही कोपऱ्यांतल्या सहाव्या दाढेवर आडवा ब्रश. थुंकण्यासाठी ओळीत उभं करून शोषखड्ड्याकडे जाणारी मोरी वापरा, किंवा अर्धी बादली पाणी ठेवून नंतर ओता.

हा कार्यक्रम बहुतेक ठिकाणी ब्रश ठेवण्यावरून बंद पडतो. पिशवीत किंवा टोपण लावून ठेवलेला ओला ब्रश वास मारायला लागतो, मग पालक तक्रार करतात. थर्माकोलचा किंवा पातळ लाकडी फळीचा स्टँड करा, भोकांत दोन इंच अंतर, केस वर, एकमेकांना न लागता. वरून मलमलचं कापड, माशांसाठी. शौचालयापासून लांब, वारा लागेल अशी जागा. नावं कागदी पट्टीवर लिहू नका, पाण्याने जातात. दांड्यावर तापलेल्या सुईने हजेरी क्रमांक कोरा. ब्रश खाली पडला किंवा अदलाबदल झाली तर तो टाकून द्यायचा, धुऊन परत द्यायचा नाही. म्हणूनच १२० नव्हे, १३५ ब्रश घ्या.

मुलांना पटवायला व्याख्यानापेक्षा रंग चांगला. बीट किसून पिळलेला दोन चमचे रस तोंडात अर्धा मिनिट फिरवून थुंकायचा, एकदा पाण्याने तोंड विसळायचं आणि आरशात पाहायचं. थर जिथे राहिलेला असतो तिथे गुलाबी-लाल डाग दिसतो, बहुधा हिरडीच्या कडेला. मग घासायचं आणि पुन्हा पाहायचं. महिन्यातून एकदा पुरे. कुणाचे दात जास्त लाल यावरून वर्गात तुलना होऊ देऊ नका, प्रत्येकाने आपलाच आरसा पाहावा.

घासताना हिरडीतून रक्त आलं की मुलं आणि पालक दोघंही घासणं थांबवतात. हे उलटं आहे. थर साठल्यामुळे हिरडी सुजलेली असते, म्हणून रक्त येतं. मऊ ब्रशने तिथेच रोज घासलं तर आठ-दहा दिवसांत थांबतं. नाहीच थांबलं तर दाखवा.

चौथी-पाचवीपासून सुपारी आणि मशेरीकडे लक्ष हवं. तंबाखू असलेल्या पेस्ट आणि मंजनांवर १९९२ पासून बंदी आहे, पण मशेरी घरात तव्यावर भाजली जाते आणि मूल आजीकडे पाहून बोट लावतं. दात दुखला तर मोठी माणसंच कधीकधी मुलाला लावून देतात. गोड सुगंधी सुपारी मुलांना खाऊसारखी मिळते. तिच्यामुळे गालाची आतली त्वचा चिवट होऊन तोंड उघडेनासं होतं. तपासायला सोपं: मुलाने स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायची. जात नसतील, किंवा तिखट लागलं की फार आग होत असेल, तर दंतवैद्याकडे पाठवा. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री २००३ च्या कायद्याने बंद आहे. टपरी असेल तर ग्रामपंचायतीला लेखी कळवा.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. तिथल्या मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग दिसतात. हे न घासल्यामुळे नसतं आणि घासून जात नाही. अशा मुलाला ‘घाणेरडे दात’ म्हणून वर्गात बोलू नका. पाणी तपासून घ्या, प्रतिलिटर १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर पिण्याचा स्रोत बदलायला हवा. तिथल्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पेस्ट कोणती, हे दंतवैद्याला विचारून ठरवा.

दुधाच्या दाढा ‘पडणारच’ म्हणून सोडू नका. त्या १० ते १२ वर्षांपर्यंत राहतात. त्यात पू झाला तर खाली तयार होणाऱ्या कायमच्या दाताचं आवरण बिघडू शकतं. वेळेआधी काढावी लागली तर मागची दाढ पुढे सरकते आणि नव्याला जागा उरत नाही. ‘वरची दाढ काढली की डोळा अधू होतो’ ही भीती निराधार आहे. दातातून किडा काढून दाखवणाऱ्यांकडे मुलाला नेऊ देऊ नका. कीड म्हणजे जंतूंच्या आम्लाने दात विरघळणं, त्यात किडा नसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, दातांची तपासणी त्यात आहे. त्याआधी तुमची यादी तयार ठेवा. मुलाला खिडकीकडे तोंड करून बसवा, टॉर्चने चारही कोपरे पाहा, गाल बाजूला करायला प्रत्येकाला वेगळी स्वच्छ आइस्क्रीमची काडी. दिसलेलं लिहा: खड्डा, काळी खाच, हिरडीवर पुळीसारखं गळू, हिरडीलगत पांढरी खडूसारखी रेघ. ती पांढरी रेघ महत्त्वाची, कारण ही कीड अजून फ्लोराइडने थांबते. टाचणीने टोचून पाहू नका. काही ठिकाणी खोदकाम न करता किडीवर सिल्व्हरचं औषध लावतात; कीड थांबते पण ती जागा कायमची काळी होते, पालकांना हे आधीच सांगा. गालावर किंवा जबड्याखाली सूज, सोबत ताप, तोंड उघडेना किंवा गिळता येईना असं असेल तर पथकाची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालयात.

आणि एक, खो-खो-कबड्डीच्या मैदानासाठी: कायमचा दात मुळासकट बाहेर पडला तर मूळ न पकडता वरच्या पांढऱ्या भागाने उचला, घाण असेल तर स्वच्छ पाण्यात क्षणभर धुवा, घासू नका, आणि तसाच खळगीत बसवून रुमाल चावायला द्या. जमलं नाही तर थंड दुधाच्या पेल्यात टाकून अर्ध्या तासात दंतवैद्याकडे. कोरडा रुमालात गुंडाळलेला दात सहसा वाचत नाही. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही.

पालकसभेत दोनच गोष्टी सांगा. बुटाची नाडी स्वतः नीट बांधता येईपर्यंत, साधारण आठव्या वर्षापर्यंत, रात्री मोठ्या माणसाने घासून द्यावं: मूल पाठमोरं पुढ्यात उभं, डोकं आपल्या पोटाला टेकलेलं, एका बोटाने ओठ वर. आणि घरात माणशी एक ब्रश. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत शाळेचं घासणं बंद पडतं, मुलं मामाच्या गावी जातात आणि ब्रश घरीच राहतो. म्हणून वर्षातले दोन ब्रश सुट्टीच्या आदल्या दिवशी वाटा, आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात बिटाचा रस काढा.